भिला कुंभाराची कोरी घागर

बोरखेडीच्या शाळेत मी १९२९ साली रुजू झालो. तळोद्यापासून तीन कोसांवरचं गाव. शाळेला एकच खोली, आणि त्या खोलीला लागून भिला कुंभाराचं अंगण. मुलं पाढे म्हणायची आणि पलीकडून थापीचा आवाज यायचा. थप्, थप्, थप्. आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं तो घागरीचं पोट वाढवत असे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मुलं पाढे त्याच तालावर म्हणतात. मीही मग छडी आपटायचं सोडून दिलं.

भिला तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. बारीक, काळासावळा, गुडघ्यापर्यंत धोतर, आणि हाताची बोटं शरीराच्या मानानं फारच लांब. बोलणं कमी. माती मात्र तो माणसाशी बोलावं तशी हाताळायचा. तळ्याची माती तीनदा चाळायचा, घोड्याची लीद आणि राख मोजून घालायचा, आणि पायानं तुडवताना मध्येच थांबून चिमूटभर माती दाताखाली धरून बघायचा. खडा लागला की पुन्हा चाळणी. त्याची बायको कालीबाई म्हणायची, "भाकरमा खडा निंघना तं काही बोलत नहीत. मातीमा खडा नको!"

पण गावात त्याचं नाव होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. गिऱ्हाईक आलं की तो घागर डाव्या तळहातावर तोलून धरायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं एक टिचकी मारायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघायचा. घागर टण्ण वाजली की म्हणायचा, "बोलनी." एवढंच. मग ती द्यायचा. आणि आवाज जरा बद्द आला की म्हणायचा, "हाई बोलत नही," आणि ती मागच्या ढिगावर फेकून द्यायचा. घागरीला डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर असली, वरून गेरूनं ती झाकली गेली असली, तरी आवाज लपत नाही. त्याच्या घरामागचा खापरांचा ढीग शाळेच्या खिडकीपर्यंत आला होता.

"कोंबडीस्ले पानी ठेवाले तरी ऱ्हाऊ द्या एखादी," कालीबाई कळवळायची.

"मन्हा हातनी शे ना ती?" तो म्हणायचा. "मंग कोंबडीले तरी फुटकी कसाले दिऊ?"

आमच्याकडे आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला घरोघर पितरांसाठी घागर भरतात. गव्हाच्या राशीवर नवी घागर, तिच्यावर छोटा लोटा, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोरी. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल तर त्याच्या नावाची घागर वेगळी. ही घागर कोरी लागते. तिच्यात पडणारं पहिलं पाणी पितरांचंच असलं पाहिजे. त्याआधी थेंबभर पाणी घालून ती तपासणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं पाणी पितरांना देणं. म्हणून आखाजीची घागर पाणी भरून पारखता येत नाही. ती फक्त ऐकून घ्यायची. कुंभाराचं वर्षाचं पोट आखाजीच भरते, आणि कुंभाराची खरी परीक्षाही तेव्हाच.

१९३२ च्या पावसाळ्यात भिलाला हिवतापानं धरलं. आमच्या भागात हिवताप दरवर्षीचाच. पण या खेपेला तो महिनाभर अंथरुणावर होता. उठला तेव्हा निम्मा झाला होता, आणि कान गेले होते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा, तेवढंच.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. भिंतीपलीकडे राहून मलाही कळलं नाही, याची मला आजही लाज वाटते. तो आधीपासूनच कमी बोलणारा, त्यामुळे उत्तर नाही आलं तरी कुणाला नवल वाटायचं नाही. बाकीचं कालीबाई सांभाळायची. गिऱ्हाईक आलं की ती नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहायची. तो टिचकी मारायचा. घागर वाजली की ती पदर नीट करायची, नाही वाजली की नुसतीच उभी राहायची. तो तिच्या पदराकडे बघून म्हणायचा, "बोलनी." आठ महिने हे असं चाललं.

पुढच्या आखाजीच्या आठवडाभर आधी शहाद्याहून निरोप आला. त्यांची लेक दिवली बाळंत व्हायची होती, आणि कालीबाईला जावंच लागलं. जाताना तिनं आव्यातून, म्हणजे भट्टीतून, निघालेल्या सगळ्या घागरी स्वतः वाजवल्या, बद्द वाजलेल्या बाजूला काढल्या आणि चांगल्यांची रांग लावून दिली. पण एक आवा अजून निघायचा होता, आणि तो ती गेल्यावर निघाला.

त्या आव्यातली घागर हिराबाईकडे गेली.

हिराबाई ही गिरधर पाटलांची बायको. गुजर समाजातलं घर, शंभर माणसांना जेवू घालणारं. पौषात गिरधर पाटील चार दिवसांच्या तापात गेले. हिराबाईचं वय तेव्हा तीसही नसेल. नवऱ्याच्या नावाची पहिली घागर आपण स्वतः निवडून आणायची म्हणून ती त्या दिवशी पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. भिलानं घागर तळहातावर घेतली, टिचकी मारली. कालीबाईचा पदर समोर नव्हता. त्यानं घागर फिरवून बघितली, प्रकाशात धरली, बोटं फिरवली. कुठं काही दिसलं नाही. समोर डोळे पुसत उभी असलेली पोर. तो म्हणाला, "बोलनी."

आखाजीच्या दुपारी मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. हिराबाईचा दीर चुनीलाल तरातरा आला. पाठीमागं पाच-सात माणसं. त्याच्या हातात ती घागर होती.

"भिला! ए भिला! दख तुन्ही घागर! सगळा गहू भिजी गयात! मन्हा भाऊले पानी पोचनं नही!"

भिला पाठमोरा बसून चाक पुसत होता. तो पुसतच राहिला.

"दखा, दखा! वळीसन तरी दखस का? कुंभार शे का राजा शे?"

कुणीतरी त्याचा खांदा हलवला. भिला वळला. चुनीलालनं घागर जमिनीवर ठेवली. तिच्या बुडाभोवती मातीत ओल पसरत गेली. भिला त्या ओलीकडे बघत राहिला. मग त्यानं पायात वहाणाही न घालता चालायला सुरुवात केली, थेट पाटलांच्या घराकडे. आम्ही सगळे मागून. चुनीलालचं तोंड चालूच होतं.

हिराबाई ओसरीवर बसली होती. समोर भिजलेल्या गव्हाची रास. भिला अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, "माय, मन्हा कान गयात. आठ महिना व्हयनात. माले काहीच ऐकू येत नही. तरी मी तुले सांगं, बोलनी. मी खोटं बोलनू."

पहिला बोलला तो चुनीलालच. "घ्या! आंधळा सोनार आन बहिरा कुंभार! आते गावले काय पाह्यजे?" दोघंतिघं हसले.

हिराबाई हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आबा, टिचकी मारी तव्हय माले ऐकू उनं व्हतं. आवाज बद्द व्हता. पन तुम्ही म्हनात, बोलनी. माले वाटनं, रडी रडीसन मन्हाच कान खोटा व्हयना."

भिलाला ते ऐकू गेलं नाही. कालीबाई शहाद्याहून परतल्यावर मीच ते तिला सांगितलं, आणि तिनं ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन, शब्द शब्द तोडून, ओरडून सांगितलं. भिंतीपलीकडून मी ते ऐकलं.

त्या दिवसापासून भिलानं घागरी घडवणं बंद केलं. तो फक्त कौलं करू लागला. कौल वाजवून घ्यावं लागत नाही. शाळेवरची कौलं त्याच वर्षीची आहेत, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यातलं एकही बदलावं लागलं नाही. पण मला ती थापी ऐकू येईनाशी झाली. मुलांचे पाढे मध्येच अडखळू लागले.

कालीबाईनं कानाशी ओरडून खूप समजावलं. "तुम्ही घडा, मी ऐकसू. आते लपाडानं बी काम नही."

"आन तू दिवलीकडे गयी का मंग?" तो म्हणायचा. दुसऱ्या वेळी म्हणाला, "घागर मन्ही. मंग सबद बी मन्हाच पाह्यजे."

गावात लोक तळोद्याच्या बाजारातून घागरी आणू लागले. पुढच्या आखाजीला हिराबाई घागर कुठून आणेल, हा विषय बायकांत पाण्यावर निघायचा. वर्षभर तहानलेल्या गिरधर पाटलांना आता तरी पाणी पोचलं पाहिजे, हे सगळ्यांनाच वाटत होतं. भिलाला सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होतं. पण घागरीला हात घालायची त्याची छाती होत नव्हती.

दिवाळीनंतर एके सकाळी त्याच्या अंगणातून हाक आली. "काली! ए काली! परत मार!"

मी ओट्यावरून डोकावलो. एका जुन्या रांजणात वाकून तो आतली माती खरवडत होता. कपाळ रांजणाच्या काठाला टेकलेलं. कालीबाईनं बाहेरून रांजण सरकवताना रांजणावर हाताची बांगडी आपटली होती, आणि ते भिलाच्या कपाळात उतरलं होतं. आवाज नाही. तो मला नंतर सांगायचा, आवाज नव्हता, थरथर होती, कपाळात मुंग्या चालाव्यात तशी. तिनं पुन्हा बांगडी आपटली. तो तसाच वाकलेला. "आखो!" तिनं पुन्हा मारली.

मग तो ताठ उभा राहिला, मागच्या ढिगावरून एक चिरलेली घागर उचलून आणली, कपाळाला लावली आणि टिचकी मारली. मुंग्या आल्या, पण लगेच मेल्या. घरातली पाण्याची घागर रिकामी करून आणली. तिच्या मुंग्या कितीतरी वेळ चालत राहिल्या. एवढं कळल्यावर त्या माणसानं आनंद दाखवला नाही, कुणाला हाक मारली नाही. चाकापाशी गेला आणि त्याच्यावरची धूळ पुसू लागला.

पण पुरी खात्री पटायला त्याला तीन महिने लागले. रोज तो डोळे मिटून बसायचा आणि कालीबाई घागरी हातात द्यायची, मधूनच एक चिरलेली. माघात त्यानं मला बोलावलं. "मास्तर, तुम्ही परीक्षा ल्या." मी बारा घागरी मांडल्या. त्यातल्या कोणत्या दोन चिरलेल्या, ते मलाच माहीत होतं, आणि कालीबाईला मी मुद्दाम घरात पाठवलं. तो एकेक कपाळाला लावत गेला. अकरावीपर्यंत त्यानं एक बाजूला काढली होती. बारावी कपाळाला लावून तो फार वेळ बसला. पुन्हा टिचकी. पुन्हा. मग ती हळूच बाजूला ठेवली. दोन्ही बरोबर होत्या. मी कालीबाईला घरातून हाक मारली.

आखाजीच्या आधी त्यानं एकच आवा लावला. गावाला सगळं ठाऊक झालं होतं. कपाळाला घागर लावतो म्हणून चुनीलालनं त्याचं नाव ठेवलं, 'नमस्कार कुंभार'. गिऱ्हाईक कुणी आलं नाही. दोन दिवस रांग तशीच अंगणात होती, आणि चुनीलालनं तळोद्याहून घागर आणून घरात ठेवल्याची बातमीही आली होती.

तिसऱ्या दिवशी हिराबाई आली. एकटी. कालीबाई पुढं झाली, पण भिलानं हातानं तिला मागं राहायला सांगितलं. त्यानं रांगेतली एक घागर उचलली, कपाळाला लावली, डोळे मिटले, टिचकी मारली. ती खाली ठेवली. दुसरी घेतली. ती उचलून तो उठला आणि ढिगावर फेकून आला. तिसरी कपाळाला लावली आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "बोलनी."

हिराबाईनं घागर घेतली. आपल्या बोटाच्या पेरानं एक टिचकी मारली. शाळेच्या ओट्यापर्यंत तो आवाज आला, स्वच्छ, लांब. तिनं भिलाच्या डोळ्यांत बघून मान हलवली. "या खेपले मी मन्हा कानना बी ऐकसू, आबा," ती म्हणाली. त्याला शब्द कळले नसतील, मान हललेली कळली.

आखाजीच्या दुपारी मी घरी न जाता ओट्यावरच बसून राहिलो. भिला अंगणात होता. हातात काम नव्हतं, नजर रस्त्याकडे होती. कालीबाई दोनदा जेवायला बोलावून गेली.

उन्हं कलली तेव्हा चुनीलाल येताना दिसला. भिला उभा राहिला. चुनीलालच्या हातात सूप होतं. त्यानं ते भिलासमोर ठेवलं. दिवसभर भरल्या घागरीखाली राहिलेली गव्हाची रास होती ती. "वहिनीनी धाडात," तो मान खाली घालून म्हणाला. जरा थांबला, आणि जाता जाता म्हणाला, "मन्हा घर बी एक घागर लागस, आबा. रोजना पानीले."

भिलानं लांब बोटं गव्हात खुपसली, तळापर्यंत. दाणे वर उचलून त्यानं बोटांतून सोडले. ते एकमेकांना न चिकटता सुटे सुटे पडत होते.

कालीबाई त्याच्या तोंडासमोर आली आणि ओठ मोठे मोठे करून म्हणाली, "गहू बी कपायले लावतस का आते?"

तो हसला. त्यानं तिचा हात धरून सुपात दाबला.

"दख," तो म्हणाला. "कोरडा शेतस. आन थंडा शेतस."