मिठाच्या गाडग्यापर्यंतचं पाणी

आधी नाव सांगतो, मग प्रवास. गयाबाई. परभणी जिल्ह्यात, मानवतच्या पुढं, दुधना नदीच्या काठच्या एका गावात राहतात. वय साठीच्या पुढचं, अजून शेतमजुरीला जातात. माझ्या हातून एक मोठी चूक होणार होती, ती त्यांनी होऊ दिली नाही. त्याची कशी काय परतफेड करायची, हे गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात आहे.

मी आठवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. सर्वेक्षणाच्या कामावर मी पट्टी धरतो. म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी सरळ उभी धरायची, समोरून साहेब दुर्बिणीतून वाचतात. या वेळचं काम सरकारच्या पूर आराखड्याचं होतं. मागच्या मोठ्या पुराचं पाणी गावात कुठवर चढलं ते शोधायचं आणि तिथं खांबावर लाल खूण करायची. पुढं धरणातून पाणी सुटलं की खुणेच्या खालच्या घरांना आधी निरोप जाणार, तीच माणसं आधी शाळेत हलणार. आणि खुणेच्या खाली नवीन घर बांधायला परवानगी नाही.

घरापासून इतका लांब मी कधी गेलो नव्हतो. परभणीला उतरून मानवतची एसटी धरली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन, आणि वर नुसतं आभाळ. आपल्याकडं कुठंही मान वळवली की डोंगर दिसतो. इथं नजर अडतच नाही. मला वाटलं, पाणी आलं तर या लोकांनी चढायचं कुठं?

मानवतच्या स्टँडवर चहावाल्यानं विचारलं, “कुठलं म्हनायचं तुमी?”

“कोकणातला. पुराच्या मोजणीला आलोय.”

तो हसला. “पुराच्या? आमच्याकडं ढग आला तरी लोक बाहेर येऊन बघतेत. पाऊसच न्हाई, पूर कशाचा मोजता?”

नंतर लक्षात आलं, ही नुसती थट्टा नव्हती. जिथं पावसाची वाट पाहण्यात जन्म जातो, तिथं पाणी घरात शिरेल हे मनाला पटायला अवघड जातं.

गावात पोचलो तर पारावर आठ-दहा मंडळी जमलेली. साहेबांनी विचारलं, पाणी कुठवर आलं होतं? सगळ्यांनी एकदमच पाराची दुसरी पायरी दाखवली. कोणी तिसरी म्हणालं नाही, कोणी पहिली म्हणालं नाही. मी पायरीवर पट्टी धरली, साहेबांनी आकडा लिहिला. मग आम्ही खालच्या आळीतल्या घरांचे उंबरे मोजत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खूण रंगवायची असं ठरलं.

दुपारी साहेबांनी मला नदीकडच्या शेवटच्या टोकाला पाठवलं. आदल्या दिवशी कधी नव्हे तो पाऊस झाला होता. काळी माती चपलेला अशी धरते की पाय निघतो आणि चप्पल आत राहते. मी तोल जाऊन पडलो, आणि पऱ्हाटीचा (कापसाचं वाळकं झाड) खुंट तळपायात घुसला. लंगडत पहिल्या घराच्या दारात बसलो; सकाळी उंबरा मोजला तेव्हा या दाराला कडी होती. ते गयाबाईंचं घर.

“आरं लेकरा, रगत किती यायलंय! बस हितं, हलू नको.” पस्तिशीच्या माणसाला त्या लेकरा म्हणाल्या, आणि मला एकदम घर आठवलं. त्यांनी खुंट काढला, ऊन पाण्यानं पाय धुतला, हळद दाबली. मग भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची) पुढं ठेवली.

घरात बुद्धाची तसबीर होती, आणि कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या मातीच्या मडक्यांची उतरंड. अंगणात चुन्याच्या ताज्या रेघा मारलेल्या होत्या.

“घरकुल मंजूर झालंय,” त्या म्हणाल्या. “हितंच बांधायचं. लय वर्सं वाट बघितली.”

मी सहज विचारलं, “मावशी, पुरात घरात पाणी आलं होतं का?”

“न यायला काय झालं? खालच्या डेऱ्यातली जवारी भिजली. वरच्या मडक्यातली डाळ भिजली. त्याच्या वर मिठाचं गाडगं, ते सगळं इरघळून गेलं. सगळ्यात वर बियानं होतं, ते कोरडं. उतरंड तवापासून तशीच हाय, तितंच.”

माझा घास हातात राहिला. सकाळी मीच मोजलं होतं: त्यांचा उंबरा आणि पाराची दुसरी पायरी एकाच पातळीत. पारावरचं खरं असतं, तर या घरात पाणी आलंच नसतं.

“मग तिथं सगळे पायरी का म्हणाले?”

“खून वर गेली तर कुनाचं बांधकाम अडतंय, कुनाचा प्लाट अडतोय.” त्यांनी माझ्या ताटात अजून आमटी वाढली. “मला कुनी इचारलंच न्हाई.”

“खूण वर गेली तर तुमचं घरकुलही इथं होणार नाही, मावशी.”

“ते कळतंय मला.” त्या दाराबाहेर बघत होत्या. “त्या दिवशी पानी उंबऱ्यात आल्यावर बोंब झाली, आदी कुनी सांगाय आलं न्हाई. सासूला मी आन जावेनं उचलून माळवदावर (मातीचं सपाट छप्पर) चढवलं. शेळ्या दाव्याला होत्या. सोडायला येळ न्हाई घावला. लय वरडल्या.” मग उठल्या. “चल, सायबाला सांगू.”

आठवीत शाळा सोडलेल्या माणसानं चारचौघांत साहेबांचा आकडा चुकलाय म्हणायचं? पण त्या पुढं चालायला लागल्या होत्या. पारावर बायका चढत नाहीत. त्या खालीच उभ्या राहिल्या आणि मीठ कुठवर गेलं ते मोठ्यानं सांगितलं.

एकजण म्हणाला, “गयाबाई, गाडगी बघून पूर मोजतेत का?”

“तुमी काय बघून मोजला, दाजी? तुमी त्या दिवशी मानवतच्या बाजारात होता!”

हशा पिकला. मागून एक बाई म्हणाली, “आमचंबी मीठ गेलं होतं.” आणखी एक म्हणाली, “आमचंबी. सनाला भरलं होतं, समदं गेलं.” साहेब माझ्याकडं वळले. मी कसंबसं म्हणालो, “साहेब, उंबरा आणि पायरी सारखीच भरली होती.”

साहेबांनी वही उघडून पाहिली, आणि दुर्बीण उचलली. तीन घरं, तीन उतरंडी. मी प्रत्येक मिठाच्या गाडग्याच्या तोंडाशी पट्टी धरली. तिन्ही आकड्यांत चार बोटांचाही फरक नव्हता.

सकाळी खांबावर लाल खूण झाली, पायरीच्या कितीतरी वर. नंतर शाळेत बैठक बसली. कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, त्याला कोण उचलणार, जनावरांची दावी कोण सोडणार, ही यादी या वेळी बायकांनी सांगितली आणि ग्रामसेवकांनी लिहून घेतली. दाजीही आले होते. दोन म्हाताऱ्यांच्या खाटा उचलायला त्यांनी आपलं नाव दिलं.

गयाबाईंच्या घरकुलाचा कागद मात्र परत गेला. वर गायरानाजवळ जागा देऊ म्हणतात, कधी ते कोणाला माहीत नाही. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या अंगणातल्या चुन्याच्या रेघा खराट्यानं पुसत होत्या.

“पायाला जप,” एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन आठ दिवस झाले. आपल्या नदीकाठची घरं आता मी वेगळ्या नजरेनं बघतो, आणि विचार करतो की इथं खरं कोणाला विचारलं असेल. मी काही आराखडे करणारा माणूस नाही. पण विटा वाहता येतात, गिलावा येतो. वरच्या जागेवर गयाबाईंच्या घराचा पाया खणला असा निरोप ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मी परभणीची गाडी धरीन, आणि त्यांच्या घरावर छप्पर चढल्याशिवाय परत येणार नाही.