दिगंबरचं बहिरं पिल्लू

माझा जुना मित्र दिगंबर गेल्याचा फोन त्याच्या शेजारणीनं केला. "दादा सकाळी उठलेच नाहीत. कुत्रं दाराशी बसून हाय, कोणाले आत येऊ देत नाही." आदिलाबादच्या त्या दोन खोल्यांत तो आणि ते कुत्रं, एवढाच संसार. महिना उलटला, पण त्याच्या घरावरून जाताना पाय अजून थबकतो...

तो जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होता, मी शाळेत मास्तर. लग्न त्यानं केलं नाही. कारण विचारलं की विषय बदलायचा. निवृत्तीनंतर त्यानं राणी नावाची डॉबरमन पाळली. निर्मल गावातल्या एका ओळखीच्याच्या कुत्र्याशी जोडी लावली, सहा पिल्लं झाली. पाच लोकांनी नेली. सहावं हाक मारली तरी वळेना, मान वाकडी करून गोल गोल फिरायचं. "सोडून द्या जंगलात," लोक म्हणाले. दिगंबरनं मात्र पिल्लाच्या आणि त्याच्या आईबापांच्या गालाच्या आतून काडी फिरवून नमुने घेतले आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेला पाठवले.

रिपोर्ट आला तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. "पाह्य, मायले ऐकू येते, बापाले येते. पण दोघायच्या अंगात एकच दोष लपून होता. याले थो दोन्हीकडून भेटला, म्हणून हे बहिरं." मग कागदाची घडी घालत म्हणाला, "माही अक्का जन्माची बहिरी होती. मायनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं, असं आजी म्हणे. माय मरेपर्यंत थेच ऐकत राह्यली. अन् एकदा मीबी तिले थेच बोललो रे."

कुत्र्याचं माणसाला लागू नाही, अक्काचं कारण वेगळंही असेल, असं मी म्हणालो.

"असन. पण भाजी तं नव्हती ना?"

आपल्या पोटी असं मूल आलं तर बायकोला लोक असंच टोचून बोलतील, या भीतीनं तो एकटा राहिला होता. हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

त्यानं निर्मलच्या त्या मालकाला फोन करून ती जोडी पुन्हा लावू नका म्हणून सांगितलं, पाचही घरांना आपापलं पिल्लू तपासून घ्या म्हणून कळवलं. बहिरं पिल्लू स्वतः ठेवलं; पुढं राणी गेली आणि घरात ते दोघंच उरले. अक्काशी ज्या हातखुणांनी बोलायचा, त्याच त्याला शिकवल्या.

ते आता माझ्याकडं आहे. त्या खुणा मला येत नाहीत. येणारं कुणी उरलंही नाही. खोलीत शिरताना दिगंबर उंबऱ्यापाशी दोनदा टाच आपटायचा, म्हणजे फरशीच्या थरथरीनं कुणी आल्याचं त्याला कळे आणि ते दचकत नसे. परवा मीही तशीच आपटली. ते धावत आलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मला वळसा घालून दारात जाऊन बाहेर पाहत उभं राहिलं...