एकट्याचा स्क्रीन

आमचं फ्लेक्सचं दुकान पंचवटीत. आधी मी हातानं बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. मुलगा कॉम्प्युटरवर बसायला लागला, तेव्हापासून त्याच्या डाव्या अंगाला माझं स्टूल. माझी शाळा चौथीपर्यंत, माऊसला मी हात लावत नाही. पण बॅनर वाढदिवसाचा असो की दशक्रियेचा, कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, हे मीच सांगायचो. गावात एका फोटोवरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद होतं.

यंदा त्यानं कॉम्प्युटरला वाकलेला स्क्रीन घ्यायचं काढलं. "घ्यावा का, बाबा? चला, बघून तर घ्या." मला विचारलं, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

एमजी रोडच्या दुकानात तो स्क्रीन मांडून ठेवला होता. कौल उभं करावं तसा, दोन्ही कडा पुढं आलेल्या. मुलगा समोर खुर्चीत बसला. मी सवयीनं त्याच्या डावीकडं उभा राहिलो. जवळच्या कडेवरचं मला काही धड दिसेना.

विकणारा म्हणाला, "काका, तिथून नाय दिसणार. हा एकट्यानं समोर बसून वापरायचा."

"आणि शेजारी बसणाऱ्यानं?"

"शेजारी कोण बसतंय आता, काका!"

मी मुलाकडं बघितलं. 'माझा बाप बसतो,' एवढं त्यानं म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, "मान वळवावी लागत नाही बघा यात."

"नको," मी म्हणालो. "सरळ रेघ वाकडी दिसते. आपलं काम रेघेचं."

"सवय होते."

"गिऱ्हाइकाला काय दाखवशील?"

"त्यांना मोबाइलवर पाठवतो ना. दुकानात येतंय कोण?"

"मग मलाही मोबाइलवरच पाठव!"

विकणारा हसला. मी विनोद केला नव्हता.

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, बुकिंग झालंय. तुम्हाला नुसतं दाखवायला आणलं."

पोरापोरीचं आधीच जमलेलं असतं आणि म्हाताऱ्यांना सुपारी फोडायला नेतात, तसं.

स्क्रीन आला त्या दिवशी स्टूल मीच उचलून बाहेर काउंटरपाशी नेलं. त्यानं उचलायची वाट कशाला बघू?

पुढच्या आठवड्यात चांदवडकडचा लग्नाचा बॅनर आला. दोन्हीकडचे चुलते, मामा, पुढारी, सगळे मानाचे भुकेले. मुलगा बाहेर आला. "बाबा, फोटो कसे लावू? आत या, माझ्या खुर्चीत बसा. समोरून नीट दिसतं."

पाहुण्याला जागा देतात, तशी तो मला माझ्याच दुकानात देत होता.

"तुझी खुर्ची, तू बस," मी म्हणालो. "लाव तुला वाटतील तसे."

"बाबा, असं काय करता?"

मी रस्त्याकडं बघत राहिलो. तो आत जाऊन बसला. संध्याकाळी बॅनर गुंडाळी होऊन माझ्यासमोरून गेला. मी उलगडून बघितला नाही.