शेवटचा सराव पेपर

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी बोललेलो नाही. एका माणसानं मला भर वर्गात सरळ प्रश्न विचारला होता आणि मी त्याला धडधडीत खोटं सांगितलं. तो माणूस कसा होता ते आधी सांगतो, म्हणजे त्या खोट्याचं वजन तुम्हाला कळेल.

पेपरात न येणारा प्रश्न आला की मामा त्याच्यावर डावा तळहात पालथा ठेवायचे आणि पुटपुटायचे, "हा आपला नाय." मग पुढच्या प्रश्नाकडं वळायचे. गुलमंडीजवळ माझी अभ्यासिका आहे. राज्यसेवेचे सराव पेपर तिथं मीच काढतो, मीच घेतो. सगळे त्यांना मामा म्हणत. पोरं विशीतली आणि मामांच्या कानांवरचे केस पांढरे. मीही मामाच म्हणायचो, खरं तर ते माझ्यापेक्षा बरेच लहान.

मूळचे कन्नड गावचे. दिवसभर माझ्याकडं बसायचे, संध्याकाळी गुलमंडीतल्या एका कापड दुकानात उभे राहायचे. असा एक जण प्रत्येक अभ्यासिकेत असतो, तुम्हीही पाहिला असेल. कटऑफच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येतो, पण पंख्याखालची जागा सोडत नाही. दुपारी डबा खाल्ला की मामा टेबलावर डोकं टेकून घोरायचे. पोरं हसली की डोळे न उघडता म्हणायचे, "हसा, हसा. तुमचं वय हाय, माझं सरत आलं."

पेपर सोडवण्याची त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या फेरीत पक्के येणारे प्रश्न. दुसऱ्या फेरीत, ज्यांचे निदान दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळतं ते. उरलेले कोरे. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून. एकदा एका पोरीनं विचारलं, "मामा, इतके सोडून देता, भीती नाय वाटत?"

"अगं, दुकानात बी तसंच. गिऱ्हाईक घेणारं हाय का नुसतं बघणारं, दारातच कळतं. बघणाऱ्यापुढं सगळे तागे उघडले तर घड्या घालण्यातच दिवस जातो."

मला ही पद्धत भेकड वाटायची. येता-जाता मी टोमणा मारायचो, "मामा, उघडा की जरा तागे. दुकान बंद व्हायची वेळ आली." पोरं हसायची, मामाही हसायचे. तळहात मात्र हलायचा नाही.

वेळ खरंच आली होती. वयोमर्यादेत त्यांची ती शेवटची परीक्षा. बायको कन्नडला शिवणकाम करून घर चालवत होती. "या खेपेला झालं तर साहेब, नाय झालं तर बायकोच्या हाताखाली काजं-बटनं," असं ते सांगायचे. पोरांना गंमत वाटायची. पण त्या वर्षी त्यांचं दुपारचं घोरणं बंद झालं होतं, ते माझ्या लक्षात आलं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. परीक्षेआधीचा शेवटचा सराव पेपर आम्ही सोपा काढतो. पोरांना धीर येतो, हे एक कारण. ते गुण बाहेरच्या फलकावर लागतात आणि पुढच्या बॅचची जाहिरात होते, हे दुसरं. खरं तर तेच पहिलं. त्या वर्षी समोरच्या इमारतीत नवा क्लास उघडला होता आणि माझी बाकं रिकामी पडायला लागली होती. मी नेहमीपेक्षाही सोपा पेपर काढला. दिसायला अवघड, लांबलचक विधानं. पण अंदाजानं खूण केली तरी बरोबर यावी असा.

त्या दिवशी मामांचा तळहात कागदावर टेकलाच नाही. मी मागं उभा राहून बघत होतो. सगळे प्रश्न सोडवले आणि मामा पहिले आले.

पोरांनी बाकं बडवली. "मामा, पेढे काढा! मामा साहेब झाले!" मामा उभे राहिले, गलका थांबू दिला आणि माझ्याकडं वळले.

"सर, खरं सांगा. पेपर सोपा होता का?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. फलकावर चिकटवायचा कागद माझ्या हातात होता.

"छे," मी म्हणालो. "परीक्षेच्या तोडीचा होता. तुम्हीच उगाच घाबरत होता."

"व्हय का?" ते हळूच म्हणाले. "मग मी लई वर्षं वाया घालवली म्हणायची."

खऱ्या परीक्षेचं त्यांचं केंद्र पडेगावकडच्या एका शाळेत होतं. पेपर सुटायच्या वेळी मी फाटकाशी जाऊन थांबलो. पोरं बाहेर आली ती माना खाली घालून. पेपर अवघड गेला होता. मामा मात्र झपाझप चालत आले, कपाळ घामानं चमकत होतं. "सर, एक बी नाय सोडला!"

"छान," मी म्हणालो. ते दुसरं खोटं.

कटऑफ जाहीर झाला त्या दिवशी मामा अभ्यासिकेत उत्तरतालिका घेऊन बसले. नुसत्या पक्क्या उत्तरांच्या जोरावर ते पास झाले असते. अंदाजानं मारलेल्यांनी ओढून कटऑफच्या खाली आणलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी केली, मग पेनाचं टोपण लावलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "सर, तुम्ही कशाला तोंड पाडता? हिंमत तुमच्यामुळंच आली होती. मलाच जपून वापरता आली नाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

मामा कन्नडला गेले. बायकोच्या शिलाई मशीनशेजारीच अस्तराच्या कापडाचं छोटं दुकान घातलंय म्हणे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. भाची पदवीधर झाली, तिला माझ्याकडं पाठवायचं होतं. "सर, तिला म्हणलं, बाकी काय बी चुकव, सरांचा शेवटचा पेपर चुकवू नको. तसला पेपर दुसरीकडं मिळायचा नाय."

"पाठवा," मी म्हणालो. एवढंच.

यंदा शेवटचा पेपर मी अवघड काढतोय. फलकावर गुण कमी दिसतील, दिसू देत. पण त्यानं मामांचं काही फिटत नाही. तुम्हाला हे सांगून झालं, त्यांना अजून नाही. तो पेपर मी मुद्दाम सोपा काढला होता आणि त्यांची पद्धत बरोबर होती, हे कन्नडला जाऊन त्यांना सांगायचं देणं मी लागतो.