मांडीवरची नळी

माझी मावशी चिखल कापते. लहानपणी शाळेत मी असंच सांगायचे आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसायचा. पण खोटं काहीच नव्हतं. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळ साचतो. वरचा ताजा, खालचा जुना. लांब नळी तळात दाबून तो थर न विस्कटता वर काढायचा, उभा चिरायचा, पातळ चकत्या करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कोणत्या काळात पाऊस मायंदाळ झाला, कधी थंडी वाढली, ते त्यातून कळतं. वारासुद्धा कळतो. साधा वारा काठावरची वाळू काठालाच टाकतो. तळ्याच्या मध्यावर जाड कण सापडले, तर समजायचं की तेव्हा वाऱ्यानं चांगलाच धुमाकूळ घातला होता.

मावशी चाळिशी ओलांडून गेली तेव्हा आजीनं तिच्या लग्नाचा नाद सोडला. "पोरगी चिखलात रुतली ती रुतलीच," असं म्हणून ती कपाळाला हात लावायची. मावशीला त्याचं काही नव्हतं. स्वतःची खोली, खिडकीत कुंड्या, सुट्टीच्या दुपारी ताणून झोप. मजेत होती.

मग एकदा मावशीच्या संशोधन संस्थेची माणसं लांबच्या एका तळ्यावर गेली. तराफ्यावरून नळी वर काढली आणि तेवढ्यात वारा उठला. तराफा असा हेलकावला, की नळी उभी ठेवायची लाकडी घोडी सरळ पाण्यात गेली. नळी मावशीनं छातीशी कवटाळली म्हणून वाचली. पण आता ती न्यायची कशी? सगळ्यात वरचा गाळ दह्याहून पातळ असतो. नळी आडवी झाली, तर अलीकडची सगळी वर्षं एकमेकांत कालवली जाणार. मावशी म्हणाली, "मी धरते." आणि गाडीत पुढच्या सीटवर बसून तिनं नळी मांडीवर उभी धरली.

गाडी भाड्याची, ड्रायव्हरही गाडीबरोबरच आलेला. भरघोस मिशांचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला माणूस. रस्ता खड्ड्यांनी भरलेला. त्यानं गाडी अशी चालवली, की मुंगीनंही मागं टाकून पुढं जावं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कान किटवत होत्या.

"मॅडम, बाळ आहे का त्यात?" त्यानं विचारलं.

"बाळ नाही, पणजोबा आहेत," मावशी म्हणाली आणि तिनं त्याला थरांचं आणि वाऱ्याचं सगळं सांगितलं.

त्यानं एक मोठा खड्डा हळूच चुकवला. मग म्हणाला, "आमचे आजोबा सांगायचे, ते लहान असताना असं वादळ झालं की घराचं छप्पर उडून शेजारच्याच्या शेतात पडलं. घरात कुणी खरं मानत नाही. ते सापडेल का यात?"

"छप्पर नाही सापडणार."

"आणि वारा?"

"बघू."

महिन्याभरानं मावशीनं त्याला फोन करून प्रयोगशाळेत बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. सूक्ष्मदर्शकात बघताना त्यानं नेमका नको तो डोळा मिटला, तेव्हा मावशीनं त्याला धरून नीट उभं केलं.

"जाड वाळूचा एक थर मिळालाय," ती म्हणाली. "तुमच्या आजोबांच्या लहानपणात बसतो. पण दहा-बारा वर्षं इकडंतिकडं होऊ शकतात. आणि तो वारा तुमच्याच घरावरून गेला, असं काही मी म्हणणार नाही."

"दहा-बारा वर्षांचं काय घेऊन बसलात! आजोबांना स्वतःचं वयसुद्धा धड माहीत नव्हतं," तो म्हणाला. दोघं इतकी हसली की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावून गेली.

त्यानंतर त्या बाजूचं भाडं नसलं तरी त्याची गाडी संस्थेवरून जाऊ लागली. एक दिवस त्यानं सरळच लग्नाचं विचारलं. मावशी म्हणाली, "माझ्यात काय बघितलंत?"

"मागून एवढी बोंबाबोंब चालली होती, पण तुम्ही एकदाही वळून बघितलं नाही. म्हटलं, हिच्याबरोबर आपलं निभेल."

ड्रायव्हर म्हटल्यावर आजीनं आधी नाक मुरडलं. पण त्यानं तिला दवाखान्यात नेऊन आणलं, तेही एक धक्का न लागू देता, आणि आजी विरघळली. लग्न झालं आणि तो माझा काका झाला. पुढं पुढं तर लेकीच्या तक्रारी ती त्याच्याकडेच करायला लागली.

परवा दोघं खाडीवर गेली होती. डोंगरांच्या मधून लांब आत घुसलेली, भलतीच खोल खाडी. तिच्या तळाचा गाळ काढायचा होता. काका मदतीला म्हणून ऐटीत बोटीवर चढला आणि पहिल्या लाटेलाच आडवा झाला. दुपारी मावशीचा फोन आला. "काम झकास झालंय. नळ्या सगळ्या शाबूत. तुझा काका तेवढा पांढराफटक पडलाय."

मागून क्षीण आवाज आला, "तिला सांग, मी झोपून वाऱ्याचा अभ्यास करतोय!"