बिनकामाची ओळ

अमेरिकेतल्या दुलुथच्या आर्डिस कोल्स्टॅडला अडगळीचा भयंकर राग. तिच्या स्वयंपाकघरात दुसरा झारा सापडायचा नाही. पगारही ती अडगळ काढायचाच घ्यायची. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल. त्यात मजकूर उचलणं, क्रम लावणं असली सगळ्यांना लागणारी बारीक कामं करणारी जी लायब्ररी असते, तिथे ती एकोणीस वर्षं राबत होती. लायब्ररीचा कारभारी व्हर्नन माकी एप्रिलमध्ये निवृत्त होणार होता. कारभाऱ्यांच्या यादीत त्याच्या जागी आपलं नाव लागावं, एवढी एकच इच्छा या बाईने आयुष्यात धरली होती. नवरा सोडून गेला तेव्हाही ती इतकी कासावीस झाली नव्हती.

मेमरीतला मजकूर इकडून तिकडे नेणारी सात फंक्शन सात जणांनी सात कोपऱ्यांत लिहून ठेवली होती. आर्डिसने हिवाळाभर खपून त्यांचं एक केलं. वेग बारा टक्क्यांनी वाढला. जाता जाता तिने एक ओळ उडवली. ती ओळ शेवटचा आकडा लिहून झाल्यावर तोच परत वाचायची आणि वाचलेलं कशातच वापरायची नाही. वर खुलासा करणारी कॉमेंटही नव्हती. हजारो लोक वाचतात त्या मेलिंग लिस्टवर तिने लिहिलं, "ही बिनकामाची ओळ कुठल्या शहाण्याने घातली कोण जाणे. काढली."

"झकास," व्हर्ननचं उत्तर आलं. "आता माझी खुर्ची पुसून ठेवतो." त्या दिवशी आर्डिसने रानभाताचं सूप केलं आणि एकटीने दोन वाट्या संपवल्या.

नवी आवृत्ती बाहेर पडून तीन आठवडे झाले, आणि कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या धान्यकोठारांतून बोंब सुरू झाली. वजनकाट्यांतल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर वजनं चुकत होती. ते बोर्ड शेवटचा आकडा स्वतःकडेच दाबून ठेवत. कोणी परत वाचायला आलं की मगच सोडत. आर्डिसच्या चाचण्यांत असला बोर्ड एकही नव्हता.

व्हर्ननने ओळीचा इतिहास काढला. या लोकांकडे कोणी, कधी, काय लिहिलं ते सगळं जपलेलं असतं, पुसायची सोय नाही. ओळ आठ वर्षांपूर्वी लाइल फ्रीझनने घातली होती. हा विनिपेगचा काटेदुरुस्तीवाला, हौसेने कोड लिहिणारा. हा त्याचा पहिलाच पॅच, म्हणजे कोडात सुचवलेला बदल. त्याने नम्रपणे विचारलं होतं, "ही ओळ का लागते, कुठल्या बोर्डांना लागते, ते वर कॉमेंटमध्ये लिहू का? थोडं लांबेल." पॅच तपासायला आर्डिस होती. तिचं उत्तर व्हर्ननने जसंच्या तसं लिस्टवर चिकटवलं:

"फ्रीझनसाहेब, निबंधाची हौस असेल तर काट्यावर चिकटवा. इथे कोड स्वतः बोलतो. ज्याला ऐकू येत नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात."

त्यानंतर लाइलचा एकही पॅच आला नव्हता. आर्डिसला हे पत्र आठवतही नव्हतं. असली पत्रं तिने शेकड्याने लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्यांचा अभिमानच होता.

खाली व्हर्ननचे दोन शब्द होते. "आधी तूच पाटी लावू दिली नाहीस, आर्डिस, आणि मग विचारलंस घर कुणाचं. ओळ परत घाल. असे बोर्ड आणखी कुठले, तेही शोधून लिही."

ते फक्त लाइलला ठाऊक होतं. आर्डिसने त्याला पत्र लिहिलं, चार वेळा खोडून, आयुष्यातलं सगळ्यात गोड पत्र. माफीही मागितली. तिला खरोखरच लाज वाटत होती, पण तिचं सगळं लक्ष एप्रिलवर होतं, आणि ते पत्रात दिसत होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "आर्डिसबाई, कोड स्वतः बोलतो. त्यालाच विचारा."

त्याच सकाळी त्याने तेवीस ओळींची कॉमेंट सगळ्या बोर्डांच्या नावांसकट परस्पर व्हर्ननला पाठवली होती. व्हर्ननने एक अक्षर न बदलता घेतली. एप्रिलमध्ये कारभाऱ्यांच्या यादीत दुसरंच नाव लागलं. का, ते आर्डिसला कोणी लिहून कळवलं नाही.