पुरुषोत्तम म्हणे बाई

चार गाणारी-वाजवणारी माणसं एका गाडीत कोंबली, की वाद्यांना जागा पुरत नाही आणि किश्श्यांना तोटा नसतो! अमरावती-अकोला रस्त्यावर आमची पार्टी इतकी हिंडलीय, की कुठला किस्सा कुठल्या गावचा हेही आता सांगता येत नाही. पण पुरुषोत्तमभाऊंचे किस्से मला सगळे पाठ आहेत.

भाऊ भातकुलीकडचे. शेतात कपाशी-तूर आणि डोक्यात गाणी. शब्द त्यांचे, चाल आणि पेटी माझी, गळा माधुरीताईंचा. त्या शाळेत शिकवतात. ढोलकीला अकोल्याचे रशीदभाई, दिवसा टेलर.

भाऊंची पद्धत उलटी. आधी शेवटचं कडवं लिहायचं, कारण त्यात स्वतःचं नाव! मग वरचं गाणं.

‘धुऱ्यावरची बोर पुसे, पोरी कधी येशील’ हे त्यांचं लाडकं गाणं. शेताच्या बांधावरचं बोरीचं झाड सासरी गेलेल्या लेकीची वाट पाहतं. शेवटी येतं, ‘पुरुषोत्तम म्हणे बाई, बोर तुझी वाट पाही’. आता पुढच्या ओळीत आठ अक्षरं आणि नावाच्या ओळीत नऊ! दर वेळी मी पेटीवर धडपडायचो. एकदा रशीदभाईंनी ढोलकीवरचे हात उचलले.

“भाऊ, ये नाम है के मालगाडी? फाटक बंद करके रुकना पडता!”

*

मी म्हटलं, “भाऊ, ‘पुरू’ करून टाका. चालीत मस्त बसेल.”

भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. “सातबाऱ्यावर आमी पाच भाऊ हाओ. रेशनकार्डावर आठ जन. गान्यात मी एकटा हाय, मास्तर! तिथंबी अर्धाच ठेवता काय मले?”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. चाल लावणाऱ्याचं नाव कडव्यात कुणीच घालत नाही, हे मात्र माझ्या ओठावर आलं होतं!

*

अकोल्याला एका रिसेप्शनचा कार्यक्रम होता. शेवटचं कडवं सुरू व्हायला आणि जेवणाच्या टेबलांवरची झाकणं उघडायला एकच गाठ पडली! ‘पुरुषोत्तम म्हणे’ ऐकायला समोर फक्त रिकाम्या खुर्च्या.

भाऊंनी शहाणपणा केला. पुढच्या कार्यक्रमाला, हिवरखेडला, नावाचं कडवं सगळ्यात वर आणलं. माधुरीताईंनी तोंड उघडलं आणि नेमका तेव्हाच साऊंडवाला मध्ये घुसला, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!”

मग नाव मधल्या कडव्यात आलं. तिथे रशीदभाईंनी ढोलकीवर असा काही तुकडा टाकला, की टाळ्यांच्या कडकडाटात नाव कुठल्या कुठे वाहून गेलं. माणसं ‘वन्स मोअर’ म्हणत होती.

भाऊ स्टेजच्या कडेला डोक्याला हात लावून बसलेले. “रशीदभाई, कधी तं वाईट वाजवत जा ना!”

*

गाणं मोबाईलवर फिरायला लागलं. कुणाच्या तरी सुनेनं त्यावर सुंदर रील केलं आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक गीत’. मी कौतुकानं भाऊंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मास्तर, मी जित्ता बसून राहिलो अन् पारंपरिक कसा झालो?”

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ हसले नाहीत. तेव्हा मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. माणसानं फार मोठं काही मागितलं नव्हतं.

*

या हंगामात वरूडचा कार्यक्रम आटोपला आणि घरी न्यायला संत्री घ्यावीत म्हणून आम्ही पॅकिंगच्या एका शेडमध्ये शिरलो. आठ-दहा बाया लहानमोठी संत्री वेगळी करत क्रेट भरत होत्या आणि गात होत्या.

धुऱ्यावरची बोर!

माझी चाल त्यांनी चांगलीच पळवली होती, हाताच्या वेगानं. खरं सांगतो, माझ्यापेक्षा बरी केली होती. भाऊ जागच्या जागी उभे राहिले.

“कोनाचं हाय हो हे गानं?” त्यांनी पुढच्या म्हातारीला विचारलं.

“कोनाचं म्हंजे? जुनं हाय. माही सासू म्हने.”

रशीदभाई उसळले, “अरे अम्मा, ये तो...” भाऊंनी त्यांना डोळ्यानंच गप्प केलं.

शेवटचं कडवं आलं. त्यात प्रत्येक बाई पाळीपाळीनं आपलं नाव घालत होती. ‘मंगला म्हणे बाई, बोर माझी वाट पाही’. मग शकुंतला. मग रंजना. नाव घेताना प्रत्येकीचा आवाज जरा वर चढायचा.

म्हातारी म्हणाली, “भाऊ, तुमीबी सांगा नाव. तुमच्या नावानं म्हनतो.”

भाऊंनी घसा साफ केला. “पुरुषोत्तम.”

बायांनी घेऊन पाहिलं. अडखळल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळल्या आणि सगळ्याच हसायला लागल्या.

“नाई बसत, भाऊ! एवढं लांब नाव कोन घालते गान्यात? बायकोचं सांगा.”

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग एक क्रेट उलटा केला आणि त्यांच्यात जाऊन बसले.

“कुसुम,” ते म्हणाले.

पहिल्याच दमात बसलं!